काकांची न जळणारी तंबाखू

मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यावर माझे काका घरापुरती तंबाखू लावतात. गेल्या वर्षी पाने रुंद, जाड आणि गर्द हिरवी आली. सावलीत रीतसर वाळवल्यावर त्यांच्यात एकच दोष आढळला: ती जळत नव्हती. आपट्याच्या पानात वळलेली काकांची विडी दोन झुरक्यांत विझे. आठ दिवसांनी नातीची सुपारी फोडायला जामसरचे पाहुणे येणार होते, आणि त्या बैठकीत घरच्या तंबाखूची विडी पुढे करण्याची आमच्या घरात रीत आहे.

"व्याह्याच्या हातात इडी इझली, तर तो सुपारी खिशात घालून परत जाईल," काका म्हणाले. "तू इज्ञान शिकवतोस ना? मंग पेटवून दाव."

मी जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवतो. प्रथम सारख्या मापाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला उदबत्तीचा निखारा लावला आणि घड्याळ धरले. दमट पान विझते, म्हणून काही पाने चुलीजवळ शेकली. जाड शीर नीट जळत नाही, म्हणून ती काढली. थोडा फरक पडला. तरी दहा मोजेपर्यंत पट्टी काळी पडून विझेच. अखेर दूरच्या बांधावर आपोआप उगवलेल्या दोन खुरट्या झाडांची वाळलेली पाने तपासली. त्यांची पट्टी शेवटपर्यंत जळली आणि राख पांढरी पडली.

वाफ्याला पाणी कोणते घालता, असे मी काकूंना विचारले.

"मोरीतलं. सुकट धुतलेलं, बोंबील धुतलेलं. सांडपाणी वाया घालू नका, हे तूच सांगून गेलास की."

सुक्या मासळीचे मीठ पाण्यावाटे मातीत जाते, मातीतून पानात जाते, आणि खारे पान धड जळत नाही. हे मी काकांना टप्प्याटप्प्याने समजावले.

"म्हंजे तंबाखू तूच खारवलीस," ते म्हणाले. विषय त्यांना नीट समजला होता.

बांधावरच्या पानांच्या सहा विड्या झाल्या. पाहुणे सहाच आले. काकांनी सातवी विडी वाफ्यातल्या तंबाखूची वळली आणि माझ्या हातात दिली. मी विडी ओढत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

व्याह्यांची विडी बोटांना चटका बसेपर्यंत जळली आणि सुपारी फुटली. तोवर मी माझी चार वेळा पेटवली होती.

"मास्तरांना ओढता येत नाही वाटतं," व्याही म्हणाले.

"शिकतोय," काका म्हणाले.