खुंटीवरचं ओलं फडकं

निरोप आला तेव्हा मी शेतात नांगर धरून होतो. कळंबच्या शेठच्या दुकानातला गडी बांधावरूनच ओरडत आला, "दादा, बैल सोडा, वहिनी पडल्या!" कुठं पडली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आमच्या आडापाशी." मी धावत गेलो. शेठच्या परसात तिला घोंगडीवर निजवली होती आणि शेजारी आमची पितळेची घागर उभी होती, काठोकाठ भरलेली. बायको गेली होती. बाया रडत होत्या आणि मी येड्यासारखा एकच विचारत होतो... घरची विहीर असताना ही घागर घेऊन इथं कशाला आली? बाया एकमेकींकडं बघायच्या आणि मान खाली घालायच्या. तेराव्यापर्यंत आमची लेक घरी होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "ताक आणाया गेली आसंल आई." घागर घेऊन ताक! पण त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याला आता दोन महिने झाले. मी दुसरी इयत्ता शिकलेला माणूस, शाळेच्या मास्तरांनी शुद्ध करून दिलंय म्हणून हे छापायला देतोय. बायको गेल्यावर लोक तिचे गुण लिहितात. गुण होतेच. पण तिनं मला फसवलं, हेही मला लिहायचं आहे, कारण त्यात तुमच्यातले बरेच जण येतात. कळंबच्या बाजाराला येता-जाता माझ्या ओट्यावर टेकला नाही असा माणूस विरळा. आल्या आल्या मी म्हणायचो, "पावणं, आधी पाणी प्या, मग बोला." तुम्ही प्यायचात आणि म्हणायचात, "काय गोड पाणी हाय राव तुमच्या विहिरीचं!" आणि मी मिशीला पीळ द्यायचो.

ही विहीर मी हट्टानं खणलेली. वाटणीत जुनी विहीर भावाकडं गेली, शब्दाला शब्द वाढला आणि चारचौघांत मी बोलून गेलो, तुझ्या विहिरीचा थेंब घेईन तर बापाचं नाव लावणार नाही. मग विहिरी खणणाऱ्या आहुप्याकडच्या कोंडाजीला बोलावलं. तो आणि मी, दोघं मिळून घराच्या मागं सहा परस, म्हणजे सहा माणसं उभी राहतील एवढं खाली गेलो, शेवटचे बारा हात नुसता काळा खडक. बायको टोपलीतून दगड वाहायची. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला, मी जरीकाठाचं नवं पागोटं बांधलं आणि सगळ्या वाडीला पाणी पाजलं. गोड होतं, खोटं नाही. रहाट बसवला, तिचे डोक्यावरचे हेलपाटे संपले, असं मी बावीस वर्षं सांगत आलो.

लेक सासरी गेल्यावर मी चूल पेटवली. तुरीची डाळ टाकली. सकाळची दुपार झाली, निम्मा भारा लाकडं जळाली, डाळ दाण्यासारखी टणक. पाणी पिऊन बघितलं तर मचूळ, जिभेवर खडू घासल्यागत. मला वाटलं, ती गेली आणि विहीरही बिघडली. मग मी विहिरीच्या मागंच लागलो. दोर नवा घातला, पोहरा चिंचेनं घासला, कठड्याच्या फटीतली पिंपळाची मुळं तोडली. गोठ्याचं पाणी आत मुरत असेल म्हणून चर खणून लांब काढून दिलं. चुना टाकला. आठ दिवस थांबलो, परत डाळ टाकली. परत तेच. शेवटी कोंडाजीला निरोप धाडला. तोही आता म्हातारा. त्यानं आधी दोराला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही, म्हणजे आत हवा चांगली. मग स्वतः उतरला. दोन दिवस गाळ उपसला, झरे मोकळे केले. वर येऊन बसला आणि बिडी पेटवायच्या नादात माझ्याकडं बघेना.

मी म्हणालो, "काय ते सांग की."

"विहिरीला काय बी झाल्यालं न्हाई, दादा."

"मग पाणी असं का?"

"ह्ये पाणी दुसऱ्या उन्हाळ्यापासनं असंच हाय. खालचा झराच मचूळ. वहिनीनं मला तवाच दावलं व्हतं. म्हनली, त्यास्नी बोलू नगा."

म्हणजे कोंडाजीला ठाऊक. लेकीला ठाऊक. वाडीतल्या बायांना ठाऊक, शेठच्या गड्याला ठाऊक. वीस वर्षं मी शेठच्या आडाचं पाणी माझं म्हणून लोकांना पाजलं आणि सगळे मान डोलवत राहिले. मला कसं कळलं नाही म्हणाल, तर तोंडात सदा तंबाखू, आंघोळीचं पाणी कोण चाखतो? बैल तर ते आवडीनं प्यायचे. प्यायचा माठ भरलेला असायचा. तो कोण भरतं, कुठून भरतं, हे मी कधी बघितलंच नाही.

तसाच तणतणत शेठच्या घरी गेलो. शेठाणीला म्हणालो, "तुम्ही तरी सांगायचं होतं." ती जैन बाई, तोलून बोलणारी. म्हणाली, "दादा, मी दर वर्षी तिला म्हणायची, सांगून टाक. ती म्हणायची, एकदा सांगून बघितलंय."

आणि मला आठवलं... दुसऱ्याच उन्हाळ्यात ती जेवताना म्हणाली होती, "पाणी जरा बदलल्यासारखं वाटतंय, भावजींच्या विहिरीचं..." पुढं मी तिला बोलूच दिलं नाही. तांब्या भिंतीवर फेकून मारला. त्याला पोचा अजून आहे. पण म्हणून वीस वर्षं? एक तांब्या फेकला, दुसरा फेकला असता, तिसऱ्याला ऐकलं असतं. तिनं मला तेवढ्या लायकीचाही धरला नाही. माझ्यासमोर माझ्या विहिरीचं कौतुक ऐकत उभी राहायची आणि मी रानात गेलो की अर्धा कोस घागर वाहायची. हा राग कुणावर काढू? ती ऐकायला नाही.

आता रोज सकाळी मीच घागर खांद्यावर घेऊन जातो, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. पहिल्या दिवशी पोहरा थेट घागरीत ओतायला गेलो तर शेठाणी म्हणाली, "असं नाही दादा. फडक्यातून गाळायचं. मग फडकं उलटं करून त्यावर पाणी ओतायचं आणि ते परत ह्याच आडात सोडायचं. त्यातले जीव इथलेच. तिच्या हातून कधी चूक झाली नाही."

ते फडकं मला ठाऊक होतं. चुलीजवळच्या खुंटीवर सदा ओलं असायचं. मी जेवून उठलो की त्यालाच हात पुसायला जायचो, आणि कधी आवाज न चढवणारी ही बाई तेवढ्यावरून ओरडायची, "त्याला हात लावू नका!" मी म्हणायचो, काय सोन्याचं आहे का? परवा उजेडात धरून बघितलं. काठाला जरीचे दोन-चार धागे अजून आहेत. माझं पागोटं. कुठं गेलं म्हणून विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, कसरीनं खाल्लं.

काल जेवून उठलो. हात ओला होता, सवयीनं खुंटीकडं गेला. जरा थांबलो... मागं बघितलं. कोणी ओरडलं नाही. हात धोतराला पुसला.