साठ टक्के पाऊस

शर्मिष्ठा पाईकरावला हवामानाचा नाद लागला तो विमानांमुळे. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर तिचं घर. सांताक्रूझला उतरणारी विमानं त्यांच्या पत्र्यावरून इतकी खालून जातात की आलेले पाहुणे बोलता बोलता थांबतात. घरचे थांबत नाहीत. सातवीत असताना मे महिन्यातल्या एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की आज विमानं उतरत नाहीयेत, उलट याच बाजूने वर चढतायत. तिने वडिलांना विचारलं. काशीराम टेम्पो चालवायचे आणि त्या वेळी जेवत होते.

"विमानतळवाल्यांनाच ठावं," ते म्हणाले. "आपल्याला काय करायचंय?"

तिने मोबाईलवर शोधलं. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं आणि वाऱ्याच्या समोरच चढतं. एरवी समुद्राकडून येणारा वारा त्या दिवशी फिरून ठाण्याकडून येत होता. संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडून खालच्या गल्लीत पडलं. झाकण आणायला सगळी पोरं धावली. शर्मिष्ठा दारातच उभी राहून वर बघत होती.

अकरावीत जाईपर्यंत तिचा 'घाटकोपर हवा' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चांगला भरला होता. हवामान खात्याचं रडार, उपग्रहाची चित्रं, बदलापूर-कर्जतकडे काय चाललंय याची खबर, हे सगळं बघून ती सकाळी दोन ओळी टाकायची. 'आज पापड घालायला हरकत नाही.' 'दुपारनंतर कपडे आत घ्या.' टेकडीवर तिला कुणी पाऊसवाली म्हणायचं, कुणी मॅडम. तिला दोन्ही चालायचं. कौतुकाने फुलावं किंवा टिंगलीने रडावं असा तिचा पिंडच नव्हता. सगळं खरंच ठरायचं असंही नाही. पण चुकलं तर कुणाचा तरी टॉवेल भिजायचा, यापलीकडे काही बिघडत नसे.

बिघडलं ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. वस्तीतल्या विहारासमोरच्या मैदानात दर वर्षी कार्यक्रम व्हायचा. त्या वर्षी लहान मुलांचं नाटक होतं आणि ते बसवलं होतं सपनाने. सपना म्हणजे शर्मिष्ठाची बालवाडीपासूनची मैत्रीण. महिनाभर ती मुलांच्या मागे ओरडून घसा बसवून घेत होती. मैदानात लोखंडी खांबांचा मंडप, स्टेज, लाईट, सगळं उभं राहिलं होतं. ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटत होता. दुपारी मंडळाचे अध्यक्ष भाऊराव घरी आले. पोस्टातून रिटायर झालेले, शब्दाला पक्के आणि कायम घाईत.

"काय गं पोरी, आभाळ काय म्हणतंय?"

शर्मिष्ठाने मोबाईल पुढे धरला. "काका, कर्जतच्या अंगाला ढग चढतायत. विजांचे आहेत. इकडे सरकले तर संध्याकाळी पोचतील. साठ टक्के शक्यता आहे."

"साठ टक्के म्हणजे काय? हो का नाही?"

"तसं नाही सांगता येत, काका."

"अगं, मला मंडपवाल्याला सांगायचंय, पाहुण्यांना फोन करायचाय. त्यांना काय टक्के सांगू? लोखंडाखाली दोनशे माणसं बसवायची का नाही, एवढंच बोल."

लोखंडाखाली बसलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली. "नका बसवू," ती म्हणाली. "येईल पाऊस."

भाऊरावांनी कार्यक्रम विहारात हलवला. विहार लहान. माणसं दाराबाहेर जिन्यापर्यंत उभी राहिली, म्हातारी माणसं उकाड्याला कंटाळून घरी गेली. स्टेज नसल्यामुळे नाटक रद्द झालं. दाढीमिशा रंगवलेली मुलं भिंतीला टेकून बसली, आणि त्यांच्या रंगाचे ओघळ सदऱ्यांवर उतरले. ईशान्येला विजा चमकताना दिसत होत्या. पाऊस मुलुंडला धो धो कोसळला, भांडुपलाही थोडा झाला. घाटकोपरला नुसता गार वारा सुटला, आणि मैदानातल्या रिकाम्या मंडपाच्या झालरी छान हलत राहिल्या.

सपना तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "बघ ना वर. चांदणं पडलंय यार."

"भांडुपपर्यंत आला होता," शर्मिष्ठा म्हणाली.

"मग भांडुपला जाऊन राहा ना तू!" सपना म्हणाली आणि मुलांचे कपडे गोळा करायला गेली.

ग्रुपवर हसण्याच्या चित्रांचा नुसता पूर आला. शर्मिष्ठाने त्यावर लिहिलं, 'मी चुकले. पाऊस भांडुपला थांबला.' बरेच जण ग्रुप सोडून गेले. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. सपना बोलेनाशी झाली, त्याचं वाटलं. पण ते तिने कुणाला सांगितलं नाही. बरेच दिवस ती त्या संध्याकाळची रडारची चित्रं पुन्हा पुन्हा बघत राहिली. तिचा हिशेब तसा चुकला नव्हता. शंभरातल्या चाळीस वेळा असंच व्हायचं. चुकलं होतं ते 'येईल' म्हणणं. जे आपल्याला ठाऊक नव्हतं ते आपण ठाऊक असल्यासारखं बोललो, आणि तेही समोरच्याला घाई होती म्हणून.

त्यानंतर ती हो-नाही बोलायची बंद झाली. लोक वैतागले. "सावकारासारखे टक्के काय लावतेस?" असं आईसुद्धा म्हणाली. शर्मिष्ठा ढिम्म. मग लोकच हळूहळू विचारायची पद्धत बदलू लागले. वीस टक्के असेल तर वाळवण घालायचं, पण लक्ष ठेवायचं, हे बायकांना चटकन जमलं. पुरुषांना जरा उशिरा.

मे महिन्यात सपनाच्या भावाची हळद निघाली, चाळीच्या गच्चीवर. सपनाची आई रश्मीकाकू स्वतः आल्या. सपना मागे दाराशी उभी, नजर मोबाईलमध्ये.

"किती गं?"

"तीस, काकू."

"तू काय केलं असतंस?"

"ते नाही सांगणार. तीस म्हणजे अशा दहा दिवसांत तीन दिवस पाऊस. सात दिवस नाही. वारा मात्र जोरात असेल, आला तर."

रश्मीकाकूंनी विचार केला. "मग हळद वर, जेवण खाली. आणि स्पीकरवर प्लास्टिक टाका आत्ताच."

हळद निम्मी लागली आणि ठाण्याकडून अंधारून आलं. वळीव असा कोसळला की नवरदेवाची हळद वाहून पाटाखाली तळं झालं. एक कनात सुटून पलीकडच्या इमारतीच्या ग्रिलला लटकली. बायका किंचाळत जिना उतरल्या, खाली पंगत कोरडी होती, स्पीकर कोरडा होता. नवरदेव पिवळ्या पाण्यात तसाच बसून हसत होता. शर्मिष्ठा खाली पंगतीत बसली होती. सपना ओलीचिंब तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिच्या पानातली जिलेबी उचलून खाल्ली.

"तीस टक्के म्हणजे हे होय," ती म्हणाली.

"म्हणजे हेही," शर्मिष्ठा म्हणाली.

पुढच्या ऑक्टोबरात भाऊराव पुन्हा आले, पण दारातच उभे राहिले. "नुसता आकडा सांग. ठरवायचं माझं मी बघतो." तिने आकडा सांगितला. ते मान हलवून टेकडी उतरून गेले, आणि अर्ध्या तासाने मंडपाचे खांब ठोकल्याचा आवाज आला. नाटक मैदानात झालं. शेवटच्या प्रवेशात चार थेंब पडले, तेव्हा कुणी उठलं नाही.

आता शर्मिष्ठा भौतिकशास्त्र घेऊन कॉलेजात जाते. गणित कठीण जातं. पहिल्या सत्रात एका विषयात ती नापास झाली, ते तिने घरी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं. काशीराम म्हणाले, "पुन्हा बस," आणि टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडले.