चौकातल्या काळ्या पट्ट्या

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. मी एकदा आमची अख्खी नगरपरिषद भर चौकात गुन्हेगार करून टाकली होती. मोर्चा नाही, तक्रार नाही. नुसता आभाराचा फ्लेक्स लावला होता हो!

त्याचं असं झालं. निरीक्षणगृहातून सुटून आलेल्या पोरांना मोटर वायंडिंग शिकवायचं एक छोटं केंद्र मी चालवते. म्हणजे शिकवतात उस्ताद, मी फक्त ओरडते. या पोरांना कायद्यात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. गावात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्यातलाच एक बाळू. खरं नाव सांगणार नाही, कायदा आहे. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि हा एकटा मागं राहतो. थोराड पोरांच्या नादी लागून शेतातल्या मोटरी फोडायचा, आतली तांब्याची तार विकायचा. आता तीच तार मोटरीत भरायला शिकत होता. हात इतका चांगला बसला होता की कधीकधी मला त्याच्या जुन्या धंद्याचेही आभार मानावेसे वाटायचे.

पण केंद्राचे देणगीदार थकले होते. नगरपरिषदेनं निधी दिला तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला कुलूप. मग बाळू परत एकटा आणि परत त्याच पोरांच्या तावडीत. मला रात्र रात्र झोप यायची नाही. शेवटी एका समितीचे सभापती, सगळे ज्यांना नाना म्हणतात, त्यांनी आमचा विषय सर्वसाधारण सभेत घ्यायचं कबूल केलं.

आता आपल्याकडं कुणी नुसतं 'बघू' म्हटलं तरी त्याचा फ्लेक्स लागतो. मग मी काय ठरवलं? सभेच्या दिवशी सकाळीच चौकात आभार झळकवायचे. ठराव दुपारी, आभार सकाळी! एकदा आभार मानल्यावर नाही म्हणतील कोणत्या तोंडानं? माझ्या हुशारीवर मी स्वतःच खूश.

फ्लेक्सवाल्या शकीलभाईंना नगराध्यक्षांचे, नानांचे, सगळ्या नगरसेवकांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. त्यापाठोपाठ पोरांचेही पाठवले आणि मग आठवलं, अगं बाई, या पोरांचे चेहरे दाखवणं तर गुन्हा आहे. लगेच आवाजातला निरोप धाडला, "चेहरे ओळखू यायला नकोत, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारा." मग वाटलं, पट्ट्या तरी कशाला? पोरं फ्लेक्सवर नकोतच. पोरांचे फोटो मी तिथल्या तिथं पुसून टाकले. पट्ट्यांचा निरोप पुसायचा राहिला.

संध्याकाळी शकीलभाईंचा फोन आला.

"ताई, पट्ट्या सगळ्यांलाच मारायच्या का?"

मला वाटलं, पोरांचे फोटो यांनी आधीच उतरवून घेतलेले दिसतायत. म्हटलं, "सगळ्यांला. एकालाबी सोडू नका."

"बघा बरं. लोक लई नाराज होतील."

"होऊ द्या. एक चेहरा जरी दिसला तरी मला कोर्टात उभं राहावं लागंल."

"आसं हाय का? मग न्हाई दाखवत कुणाचा. कोपऱ्यात तुमचा फोटो हाय, त्याला बी मारू का?"

"मला कशाला? मी काय गुन्हा केलाय?"

सकाळी चौकात गेले तर ही गर्दी. वर झोकात लिहिलेलं, 'भरकटलेल्या पावलांना नवी दिशा'. खाली नगराध्यक्ष, नाना आणि झाडून सगळे नगरसेवक, डोळ्यांवर जाड काळ्या पट्ट्या बांधून ओळीनं उभे. आणि कोपऱ्यात हात जोडून हसणारी मी, जशी काही या सगळ्यांना मीच धरून आणलंय.

गर्दीत एकजण दुसऱ्याला विचारत होता, "कावून धरलं बे ह्यांला?"

"काय की. पण आख्खी टोळीच घावलेली दिसती."

फ्लेक्स उतरवायला माणूस मिळेपर्यंत निम्म्या तालुक्याच्या फोनवर त्याचा फोटो पोचला होता. मी तोंड लपवून केंद्रात येऊन बसले, तर पाठोपाठ नाना दारात.

"मॅडम, आमी काय तुमच्या मोटरी चोरल्या का?"

मी निरोपाचं सांगायला लागले, पण माझं मलाच कळेना मी काय बोलतेय. नाना स्टुलावर बसले. राग ओसरला आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"सकाळधरनं लोक कसे बघायलेत माझ्याकडं. रोजच्या हाटेलात गेलतो, तर मालकानं मला बघून गल्ला बंद केला. ईस वर्षांची वळख हाय आमची. मस्करी केली म्हणला, पण मला घास गेला न्हाई."

कोपऱ्यात बाळू मोटरीत तार भरत होता. मान वर न करता, अगदी समजूत काढावी तसं म्हणाला, "पहिले पहिले लई लागतं, नाना. मग सवय होती."

मला तर हुंदका फुटायचा बाकी होता. नानांनी बाळूकडं पाहिलं.

"तुला बघूनबी गल्ला बंद करतेत?"

"न्हाई. मला आतच येऊ देत न्हाईत."

नाना उठले आणि चहा न घेताच गेले. मी मनातल्या मनात केंद्राला कुलूप लावून टाकलं.

दुपारी सभा झाली. आमचा विषय आला तसे काही जण फ्लेक्सवरून खवळले. तेव्हा नाना उभे राहिले म्हणे. "आपण एक सकाळ भोगलं तर एवढं झोंबलं. ही पोरं रोज भोगतेत. मंजूर करा." ठराव एकमतानं मंजूर झाला. बाळूला मी ही बातमी सांगितली तर म्हणाला, "मग ती पाच एचपीची मोटर उद्या खोलू का?" त्यावर मात्र मी खरंच रडले.

निधीतून यंत्रं आली, उद्घाटन ठरलं. या वेळचा फ्लेक्स नानांनी स्वतः लावला. मी लगबगीनं बघायला गेले. नगराध्यक्ष स्वच्छ, नाना स्वच्छ, सगळे नगरसेवक हसरे. पोरांच्या जागी एका मोटरीचं चित्र. आणि कोपऱ्यात मी, डोळ्यांवर जाड काळी पट्टी!

मी तिथूनच शकीलभाईंना फोन लावला.

"ताई, नानांनी सांगितलं, या बारीला एकीलाच मारा."

फ्लेक्सचा फोटो संध्याकाळपर्यंत माजलगावला माझ्या आईकडं पोचला. तिचा फोन आला. "पट्टी मारली म्हणून काय झालं? साडी मीच घेतलेली हाय, लगीच वळखली."

मी तिला शकीलभाई, निरोप, नाना, बाळू, निधी, ठराव, सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समदं ठीक हाय गं पोरी," ती म्हणाली. "पण जामीन कोण राहतंय? का तुझ्या मामाला धाडू?"