आमच्या नावावर शिजवलेलं नव्हतं

सुनंदाताईंनी माझा डबा उचलला, तो कागदी रुमालात धरून. टेबलावर भाज्यांची, वरणाची, भाताची भांडी ओळीनं मांडलेली होती. त्याच ओळीत मी माझा डबा झाकण काढून ठेवला होता. आत अंबाडीची भाजी, पहाटे उठून केलेली, वरून लसणाची फोडणी घातलेली. ताईंनी झाकण लावलं, डबा नेला आणि हात धुवायच्या बेसिनशेजारी साबणाच्या वडीजवळ ठेवला. मग हात धुतले.

परत येऊन मला म्हणाल्या, "तुझ्याकडं पत्रावळी दिल्या होत्या ना? मंग हे कशाला आणलीस?"

आवाज चढवला नाही. नेहमी बोलतात तशाच मायेनं बोलल्या. टेबलाभोवती वीस-बावीस माणसं होती, निम्मी आमच्या जुन्या कंपनीतली, निम्मी नव्या कंपनीतली. सगळ्यांना एकदम आपल्या पुढ्यातल्या पत्रावळीत काहीतरी बघायचं होतं. पत्रावळी मी आणलेल्या होत्या.

तेवढ्यात एचआरच्या केतकी मॅडम मोबाईल घेऊन आल्या. जवळ जवळ सरका म्हणाल्या, फोटो काढायचाय. मी सरकले. आणि मी हसले. हे मी लपवणार नाही. माझा डबा बेसिनजवळ पडला होता आणि मी दात दाखवून फोटोत उभी होते. दोन दिवसांनी त्या फोटोचा फ्लेक्स गेटवर लागला. खाली लिहिलं होतं, 'दोन कंपन्या, एक कुटुंब'. रोज सकाळी मी माझ्याच हसऱ्या तोंडाखालून कामावर जात होते, आणि रोज मला स्वतःची शिसारी येत होती.

मी बियाण्याच्या कंपनीत काम करते. परभणीच्या जरा बाहेर, जिंतूर रोडला. प्रयोगशाळेत उगवण तपासते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेले दिवस थांबायचं, मग कोंब मोजायचे. नऊ वर्षं झाली. मी पास केल्याशिवाय सोयाबीनचं एक पोतं गोदामातून हलत नव्हतं. बोरीच्या बौद्धवाड्यातली पोरगी, आणि तिच्या शब्दावर ट्रक थांबतो, याचा मला लय अभिमान होता.

मग मोठ्या कंपनीनं आम्हाला विकत घेतलं. विलीनीकरण, असा शब्द पत्रात होता. त्यांची माणसं आली, त्यांच्या मशिनी आल्या. पहिल्या दिवसापासून 'आपले' आणि 'त्यांचे' सुरू झालं. गाड्या कुणी सावलीत लावायच्या, यावरून भांडण. रजिस्टर कुणाच्या पद्धतीनं भरायचं, यावरून भांडण. चहात साखर किती, यावरूनसुद्धा दोन दिवस अबोला. प्रयोगशाळाही आता दोन होत्या आणि एकच ठेवायची होती. त्यांचा एक इन्चार्ज आणि आमच्याकडची मी. दोघांतला एक राहणार, दुसरा जादा ठरून घरी जाणार. तीन महिने आमचं काम बघणार होते. मूल्यमापनाच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'टीममध्ये मिसळतात का?' त्याला बाकी सगळ्यापेक्षा जास्त गुण होते.

मिसळायचं तर मिसळू, मी म्हटलं. नवऱ्याला कायमचं काम नाही, माझ्या एकटीच्या पगारावर घर चालतं.

केतकी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोल करून बसवलं. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. गाव कोणतं, आवडता पदार्थ कोणता, घरातला सगळ्यात मोठा सण कोणता. खेळच होता तो. कुणी पुरणपोळी सांगितली, कुणी दिवाळी. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगितलं. गाव बोरी. आईच्या हातची अंबाडीची भाजी. आणि सण चौदा एप्रिल, आमच्याकडं जयंतीला घराला नवा रंग लागतो, पै-पाहुणे येतात. माझ्यानंतर आमच्या पॅकिंगचे शेषरावमामा आणि त्यांच्याकडचा नीलेश नावाचा फील्डवरचा पोरगा, दोघांनीही चौदा एप्रिलच सांगितलं. टाळ्या पडल्या. अंबाडी आपल्यालाही लय आवडते, असं सुनंदाताई मोठ्यांदा म्हणाल्या. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

चौथ्या दिवशी यादी लागली. दर बुधवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची. कुणी काय आणायचं ते ठरवायला कमिटी केली होती. आमच्याकडून डिस्पॅचच्या सुनंदाताई, त्यांच्याकडून त्यांचे प्रमोद सर. हे दोघं एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण यादी अर्ध्या तासात तयार झाली म्हणे.

माझ्या नावापुढं पत्रावळी होत्या. मी म्हटलं, चला, सुटले, पहाटे चुलीपुढं बसायला नको. पहिले दोन बुधवार मी दुकानातून पाकीट आणलं, पत्रावळी वाटल्या, सगळ्यांच्या घरचं पोटभर जेवले आणि वर तारीफही केली.

दुसऱ्या बुधवारी जेवण झाल्यावर शेषरावमामा माझ्याबरोबर प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आले. निवृत्तीला थोडे महिने राहिलेला माणूस, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पोरी, यादी नीट वाच. मला केळी, नीलेशला सीलबंद पाणी, तुला पत्रावळी. शिजवलेलं आपल्या एकाच्याबी नावावर न्हाई."

मी यादीपुढं जाऊन उभी राहिले. तीस नावं. सत्तावीस जणांच्या पुढं भाजी, पोळी, कोशिंबीर, खिचडी. तिघांच्या पुढं सालीतलं, सीलमधलं, पाकिटातलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांतले तिघं, आणि बरोबर तेच तिघं. ज्यांना एका चहावर एकमत करता येत नव्हतं, त्यांचं आमच्यावर एकमत झालं होतं. आणि त्यांना लागलेली माहिती आम्हीच, टाळ्या घेत, त्या गोलात बसून दिली होती.

तरी मी स्वतःला समजावलं की योगायोग असेल. खात्री करून घ्यायची म्हणून तिसऱ्या बुधवारी अंबाडी केली. ताईंना लय आवडते ना. पुढचं सुरुवातीलाच सांगितलंय.

त्या दुपारी मी डबा उचलून प्रयोगशाळेत आले आणि दार लावून घेतलं. रडले नाही. मला बोरीतलं एक लग्न आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गावात मोठ्या घरचं लग्न होतं, अख्ख्या गावाला जेवण. आमच्या घरी मात्र आदल्या दिवशीच कोरडा शिधा आला. गहू, डाळ, गूळ. आईनं तो पदरात घेतला. बाप म्हणाला, बघा, आपल्याला घरपोच मान दिला. मी गुळाचा खडा तोंडात टाकून वाड्यातल्या पोरांना सांगत फिरले की आमच्याकडं मान आलाय. आमच्या पंगतीत, आमच्या शेजारी बसून, कुणाला खायचं नव्हतं. बापाला ते ठाऊक होतं. आमच्यासाठी त्यानं खोटं सांगितलं. त्याचा मला तेव्हा राग यायला हवा होता, तो त्या दुपारी आला. आणि मीही फोटोत हसून तेच केलं होतं.

मी केतकी मॅडमकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यादीमागं असं काही नाही म्हणाल्या, पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या वस्तू बदलतील, रोटेशन आहे.

आणि खरंच बदलल्या. नवी यादी आली. मला केळी, मामांना पाणी, नीलेशला पत्रावळी.

मी ती यादी बघून हसले. यावेळचं हसू वेगळं होतं. त्याच संध्याकाळी मी तक्रार लिहिली, साध्या मराठीत, दीड पान. दोन्ही याद्या जोडल्या. डब्याचं जे झालं ते झालं तसं लिहिलं, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. जात हा शब्द सरळ वापरला. त्याच्यासाठी सभ्य शब्द शोधत बसले नाही. एक प्रत एचआरला दिली, एक वरच्या ऑफिसला पाठवली.

त्यानंतर कंपनीतलं वागणं बदललं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. कुणी उर्मटपणे वागलं नाही, उलट सगळे फार नीट वागायला लागले. सकाळी नमस्कार, दुपारी नमस्कार. बुधवारचं जेवण कुणी न सांगता बंद झालं. मग प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून 'सोयीसाठी' काढून घेतली. माझ्याकडं यायचे नमुने उशिरा यायला लागले, आणि उशीर झाला असं माझ्याच नावावर लिहिलं जायला लागलं. एका सकाळी येऊन बघते तर मी मांडलेल्या गुंडाळ्या कुणीतरी उन्हात काढून ठेवलेल्या, कागद कडक वाळलेले. कुणी केलं, कुणाला माहीत नव्हतं.

नीलेशची बदली झाली, लांब विदर्भात. जाताना तो मला भेटला नाही. बोरीहून बापाचा फोन आला. गावातला एक मोठा माणूस घरी येऊन, चहा न घेता, दारातच उभा राहून विचारून गेला होता की तुमची पोरगी तिकडं काय करायलीय. "काय केलीस बाई?" बापानं विचारलं. मी सांगितलं की काही केलं नाही, फक्त झालेलं लिहून दिलं. बापानं फोन कट केला.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. स्कूटीवरून घरी जाताना मागं एखादी गाडी जास्त वेळ राहिली तरी मी कडेला थांबून ती पुढं जाऊ द्यायची. नवऱ्याला निघताना फोन करायची, पोचल्यावर करायची. तो मला माघार घे म्हणाला नाही. पण रात्री दोनदा उठून दाराची कडी बघायचा, ते मला कळायचं.

परवा शुक्रवारी केबिनमध्ये बोलावणं आलं. वरच्या ऑफिसमधून साहेब आले होते. केतकी मॅडम होत्या, प्रमोद सर होते, सुनंदाताई होत्या. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, पाण्याचा ग्लासही. साहेबांनी माझ्या कामाची तोंड भरून स्तुती केली. मग एक टाईप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं की माझा गैरसमज झाला होता, टीममधल्या सगळ्यांनी मला नेहमी आपुलकीनं वागवलं, आणि मी तक्रार स्वखुशीनं मागं घेत आहे. खाली माझं नाव. नावाच्या वर सहीपुरती जागा.

साहेब म्हणाले, "सही करा. इन्चार्जशिप तुमचीच आहे, सोमवारी लेटर देतो."

आणि नाही केली तर, हे त्यांनी सांगितलं नाही. मूल्यमापनाचा फॉर्म तेवढा उघडा ठेवला होता. 'टीममध्ये मिसळतात का?' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं.

मी कागद दोनदा वाचला. नऊ वर्षं डोळ्यांपुढून गेली. घरभाडं गेलं, पोरीची शाळा गेली. खोटं कशाला बोलू, पेन मी हातात घेतलं होतं.

तेव्हा सुनंदाताई बोलल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. "मी तुला लेकीसारखं मानलं गं. तू माझ्यावर असं लिहिलीस?"

मी पेन खाली ठेवलं.

"लेकीच्या हातचं खातात, ताई."

प्रमोद सर खिडकीकडं बघायला लागले. साहेबांनी कागद उचलून फायलीत ठेवला आणि सोमवारपर्यंत विचार करायला सांगितला. 'शांत डोक्यानं', असंही वर म्हणाले. मी उठले आणि बाहेर आले.

जिन्यावर शेषरावमामा भेटले. सगळं ठाऊक असल्यासारखे उभे होते. त्यांचे हात जोडलेले होते. पोरी, माझं नाव कुठं घेऊ नको, असं म्हणाले, माझी पेन्शन अडकंल. मी हो म्हटलं. त्यांच्यावर रागवायचा हक्क मला नाही. ज्या दिवशी त्यांनी मला यादी वाचायला सांगितली, त्या दिवशी त्यांच्या वाटणीचं धाडस त्यांनी करून टाकलं होतं. नीलेशला मी फोन केला. त्यानं उचलला नाही. म्हणजे मी एकटी आहे. ते पक्कं झालं ते बरं झालं, कुणाची वाट बघायची राहिली नाही.

आज रविवार आहे. मी हे सगळं पहिल्या दिवसापासून परत लिहून काढलंय, नऊ पानं झालीत. उद्या सकाळी कामावर जाण्याआधी मी ही पानं घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाणार आहे. तिथं मला थांबवून ठेवतील, उद्या या म्हणतील, आपसात मिटवा म्हणतील. ते बसवतील तितका वेळ मी बसेन. दुसऱ्या दिवशी परत जाईन. कंपनीत मी राजीनामा देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि का काढलं ते कागदावर लिहून द्यावं लागेल, त्याशिवाय मी गेटच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. पद गेलं तर जाऊ दे. साहेबांच्या कागदावर माझी सही नाही होणार. या नऊ पानांवर होईल, एकेका पानाच्या खाली, पूर्ण नावानिशी.