बारीक ओळीवरचा लाल गोल

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. एकोणीस वर्षं ती पुड्यांवर लेबलं चिकटवत होती आणि एकही लेबल कधी तिरकं गेलं नव्हतं. जाईल कसं? घरातलं कॅलेंडर जरा कललं तरी बाईच्या घशाखाली घास उतरत नसे. लेबल वाचायच्या फंदात मात्र ती कधी पडली नाही. "वाचायचं गिऱ्हाइकानं, आपण सरळ लावायचं," असा तिचा खाक्या.

मग सुनेच्या दुखण्याचं निदान झालं. वर्षभर पोट बिघडून पोरीची पार काडी झाली होती. डॉक्टर म्हणाले, ग्लूटेन चालणार नाही. गहू बंद, जव बंद, कणभरसुद्धा नको.

फूटपट्टीनं चष्मा चढवला आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरावर धाड घातली. सूपच्या पाकिटात गहू निघाला. सोया सॉसच्या बाटलीतही निघाला.

"अगं, सॉसमध्ये गव्हाचं काय काम?"

"अहो आई, पुष्कळदा गहू घालूनच करतात तो."

"मग बाटलीवर मोठ्यानं सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं?"

एका पाकिटावर लिहिलं होतं, 'गव्हाचा अंश असू शकतो.' फूटपट्टी त्या पाकिटावरच डाफरली, "असू शकतो म्हणजे? आहे की नाही ते सांग ना मेल्या!" पाकीट काही बोललं नाही, म्हणून ते शेजारणीकडे गेलं.

महिन्याभरात सुनेच्या गालांवर रंग आला. त्या आनंदात फूटपट्टीनं कारखान्यातली तांदळाची नवी बिस्किटं आणली. पुड्यावर सोनेरी अक्षरांत 'गहूविरहित'.

"डोळे मिटून खा. माझ्या हातचं लेबल आहे."

दहाव्या दिवशी सून पुन्हा बाथरूमच्या दारात पोट धरून बसली. फूटपट्टीला रडू कोसळलं. तिनं घरातले सगळे डबे पुन्हा उलटेपालटे केले, फक्त बिस्किटांना हात लावला नाही. स्वतःच्या हातावर कोण संशय घेतं?

शेवटी सुनेनंच पुडा उचलला. "आई, या लाल गोलाखाली काय आहे?"

गोलावर 'नवीन!' लिहिलेलं होतं. वरच्या ऑफिसानं ते गोल पाठवले होते, पण लावायचे कुठे ते सांगितलं नव्हतं. सोनेरी अक्षरं झाकायला फूटपट्टीचा जीव होईना. खाली मुंग्यांची रांग लागल्यासारखी एक बारीक ओळ होती. तिच्यावर तिनं गोल लावला होता, अगदी मधोमध.

सुनेनं तो नखानं उचकटला. खाली होतं, 'जवाचा माल्ट आहे. गव्हाच्या बिस्किटांच्याच यंत्रावर तयार.' वरचं 'गहूविरहित' तसं खोटं नव्हतं. गहू घातलेला नव्हता. घातला होता जव.

फूटपट्टीनं चष्मा चढवून ती ओळ दोनदा वाचली. "मीच झाकलं गं."

"तुम्हाला काय माहीत, आई?"

"एकोणीस वर्षं डोळे होते की मला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर पुडा नाचवत आला. "मावशी, आज गोल वर कसा? 'गहूविरहित' झाकलं ना सगळं!"

"सरळ आहे ना?"

"सरळ आहे हो, पण..."

फूटपट्टीनं नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात ठेवला. "खालची ओळ वाचा. मोठ्यानं."

त्यानं वाचली. पॅकिंगच्या बायांचे हात थांबले होते.

"आता सांगा, झाकायचं काय?"

सुपरवायझरनं डोकं खाजवलं, चष्मा परत दिला आणि वर ऑफिसात विचारायला गेला. तो खाली येईपर्यंत तिनं आणखी साठ पुडे उरकले, गोल तसेच वर. आज ती प्रत्येक लेबल वाचून मगच लावत होती. त्या नादात एक तिरकं गेलं. तिनं ते पाहिलं आणि तसंच जाऊ दिलं.