मोटरी बंद ठेवा

आपल्या भागाचा पेपर काढायचा असं मी घरी सांगितलं, तेव्हा नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला आणि विचारलं, "तुला भांडायला माणसं कमी पडतायत का?" त्याचं फारसं चुकत नव्हतं. एका दैनिकाच्या सोलापूरच्या कचेरीत मी बरीच वर्षं बातम्या लावल्या होत्या. मग आमची पानं पुण्याच्या कचेरीतच तयार व्हायला लागली आणि आमच्या भवानी पेठेतलं तुंबलेलं गटार कुणाला बातमी वाटेनासं झालं. मी चिडले. चिडल्यावर लोक अबोला धरतात, नाहीतर देवाला जातात. मी साप्ताहिक काढलं.

चारच पानं होती. पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर पाणी घेतलं. सोलापूरकरांना कारण सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी ऐन जेवणाच्या वेळी. ते कधी येणार यावर धुणं, पाहुणे, डोहाळजेवण सगळं ठरतं. कुठल्या गल्लीला पाणी कधी सुटणार ते मी पाणीपुरवठ्याच्या लोकांच्या मागे लागून काढलं आणि छापलं. अंक हातोहात गेला. वरच्या घरच्या आक्कांनी तर तो स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला.

आमची गल्ली चढाची. आम्ही खालच्या तोंडाशी राहतो, आक्का अगदी वरच्या टोकाला. आक्कांच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि दोन्ही भाषांत सारखाच दरारा. पेपरचं नाव नोंदवण्यासाठी मी खेटे घालत होते तेव्हा आमच्याकडची ज्वारीची भाकरी कितीतरी दिवस त्यांच्या तव्यावरची होती. मी पेपर काढतेय हे त्यांनी माझ्याआधी गल्लीभर सांगितलं होतं.

दुसरा अंक जुळवत होते तेव्हा त्यांच्या नातीला कावीळ झाली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. पाठोपाठ आणखी दोन घरांत कावीळ निघाली. पाण्याला वास येत होता. आम्ही तुरटी फिरवून तेच पीत होतो. मी जाऊन महापालिकेच्या इंजिनिअरला अक्षरशः ओढून आणलं. गटार जिथं पाइपावरून जातं तिथं त्याने खणायला लावलं. जुना पाइप चिरला होता. "नळाला दाब असला तर पाणी बाहेर गळतं," तो म्हणाला. "पण तुम्ही सगळे मोटरी लावून ओढता, मग पाइप रिकामा पडतो आणि त्या चिरेतून गटार आत येतं."

आमच्या गल्लीत घरोघरी नळाला थेट मोटर आहे. परवानगी नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नळाला जोर नसतो. एकाने मोटर लावली की शेजारचा नळ कोरडा पडतो, म्हणून तो लावतो, मग त्याच्या शेजारचा त्याच्याहून मोठी आणतो. आमच्या मोरीतही एक होती, पोत्याखाली झाकलेली. त्यात चोरी आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. मोटर म्हणजे मिक्सरसारखी घरातली वस्तू.

नवा पाइप टाकायला रस्ता फोडण्याची मंजुरी लागणार होती, म्हणजे वेळ लागणार होता. तोवर मोटरी बंद ठेवा, एवढंच इंजिनिअर सांगू शकत होता. जाताना तो आवाज उतरवून म्हणाला की हे छापलंत तर मला पथक पाठवावं लागेल, मोटरी जप्त होतील आणि गल्ली जाब तुम्हाला विचारेल.

म्हणून आधी न छापता बघितलं. दारोदार फिरले, गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, हात जोडलेले आले. पुढच्या पाण्याच्या दिवशी नळात हवा फुसफुसायला लागली आणि खालपासून वरपर्यंत मोटरी घरघरायला लागल्या. मी एका दारात गेले, तर तिथला माणूस म्हणाला की शेजाऱ्याने बंद केली की मी करतो. शेजारीही तेच म्हणाला. घरी आले तर नवरा बटणावर हात ठेवून उभा. फक्त पिण्यापुरतं घेतो म्हणाला. मी त्याला जे बोलले ते कुठल्याच पेपरात छापता येणार नाही. मोटर त्याच दिवशी काढली.

आता छापण्यावाचून इलाज नव्हता. पण गल्लीतली सगळ्यात मोठी मोटर आक्कांची होती. चढावर राहतात, त्यांना तशीच लागते. छापायच्या आधी त्यांना सांगणं भाग होतं. संध्याकाळी दवाखान्यात गेले. नात झोपली होती, हातापायांच्या काड्या झालेल्या, डोळ्यांच्या कडा पिवळ्या. आक्का उशाशी बसून पदराने वारा घालत होत्या. मी पाइपाचं, चिरेचं, मोटरींचं सगळं सांगितलं. त्यांचा पदर हलायचा थांबला.

"म्हंजे मीच पाजलं व्हय तिला?"

मी म्हटलं, तसं नाही आक्का, सगळ्यांनीच ओढलंय, पाइप एकच आहे. ते त्यांनी ऐकलंही नाही. त्या म्हणाल्या की छापू नकोस, पथक आलं आणि मोटर गेली तर वर मला पाणी कोण देणार? मग माझ्याकडे पाठ करून पुन्हा वारा घालायला लागल्या.

मला भीती वाटत होती. शिव्यांची सवय कचेरीत झाली होती. आक्कांनी पाठ फिरवली होती, त्याची भीती होती. पण त्या पोरीचे डोळे बघून आल्यावर बातमी खिशात ठेवणं मला जमेना. सकाळी पान छापखान्यात गेलं. मथळ्यात 'नळाला गटार' आणि 'मोटरी बंद ठेवा' असं ठळक होतं, आणि खाली आमच्याही घरी मोटर होती हे.

अंक निघाला आणि गल्लीने माझ्याशी बोलणं टाकलं. कुणीतरी बोळा करून तो आमच्या उंबऱ्यावर फेकला. पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखानदाराने पेपरला देऊ केलेली वाढदिवसाची जाहिरात मागे घेतली. पथक येणार अशी आवई उठली आणि लोकांनी मोटरी पलंगाखाली सारल्या. नवरा मात्र उरलेले अंक घेऊन पेठेत वाटून आला.

पुढचं पाणी दुपारी सुटलं. सगळे आपापल्या दारात उभे होते, कोण पहिल्यांदा लावतो ते बघत. नळ फुसफुसला. मी कान देऊन ऐकत होते. कुठेच घरघर नाही. आमच्या तोटीला करंगळीएवढी धार आली, स्वच्छ. मी ओंजळीत घेऊन वास घेतला. वास नव्हता. मला रडूच आलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचा अभिमानही वाटला.

बादली लावून मी वर निघाले, आक्कांना सांगायला. जसजशी चढत गेले तसतशा दारांतल्या धारा बारीक होत गेल्या, मग थेंब झाले. आक्का मोरीत पाटावर बसल्या होत्या. नळ कोरडा. मोटर शेजारी होती, वायर काढून गुंडाळलेली. हंडे, कळशा, पातेली ओळीने रिकामी. आत कॉटवर नात पडली होती. कालच घरी आणलेली, पाणी उकळूनच द्या असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मी म्हटलं, आक्का, मी आमच्याकडून आणून देते.

त्या नळाकडेच बघत होत्या. आवाजात राग नव्हता.

"लिव्हलंस ते खरं हाय. पर तुझ्या घरी नुसत्या तोटीला पानी येतंय, म्हनून तुला लिव्हता आलं. आज गप बसले, पोरीसाठी. पुढच्या टायमाला पोरीसाठीच मोटर लावनार हाय. तवा माझं नाव घालून छाप."

मी त्यांची कळशी उचलली आणि उतार उतरून घरी आले. आमच्या नळाखालची बादली भरून पाणी मोरीत वाहून चाललं होतं.