डिस्कला लावलेलं कुंकू

तर काल मी कुंकवापाशी थांबलो. वादिराजने पिशवीतून ती डिस्क काढली, नवऱ्या मुलीला पाटावर बसवावं तशी कॉम्प्युटरशेजारी बसवली, वायर जोडली आणि इंदूअक्कांनी तिला हळदकुंकू लावलं. पण वादिराज कोण, हे सांगायचं राहिलंच की. माझं हे असंच, आधी लग्नातलं जेवण सांगायचं आणि मुलगी कुठली ते मागून.

दाजीबानपेठेत दत्तात्रेयअण्णांचं इरकल साड्यांचं ठोक दुकान. मी तिथं घड्या घालायला. दोन हजार साल उलटल्यावर अण्णांनी चार कॉम्प्युटर आणले, वायरीने एकमेकांना जोडले आणि ते सांभाळायला धारवाडच्या मळमड्डीहून वादिराज येऊ लागला. चाळिशीचा, बिनलग्नाचा. आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. बसमध्ये ओळखीचं कुणी चढलं तरी हा खिडकीबाहेर बघणार. दुकानात मात्र आम्ही त्याला सोडत नसू. काल काय शिजवलंत? भात. आणि आज? कालचाच. एवढ्यावर आमची दुपार निघायची, तोही हसायचा.

अण्णांच्या पत्नी इंदूअक्का काठापदराची नक्षी स्वतः काढत. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीकट्टा. ती सगळी नक्षी वादिराजने कॉम्प्युटरातल्या एका सामाईक फोल्डरात ठेवली होती, चारही यंत्रांवर उघडायची. संध्याकाळी तो घटकाभर डिस्क जोडायचा, नक्षीची नक्कल घ्यायचा आणि डिस्क काढून घरी न्यायचा. एरवी ती जोडलेली कधी राहू द्यायचा नाही.

पण खंडेनवमीचं तसं नाही. आमच्याकडे हत्यार एकदा पूजेला बसलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मीसुद्धा माझी कात्री लाल कापडावर ठेवून दिवसभर मोकळ्या हातांनी हिंडत होतो. अण्णांच्या हौसेखातर चारही कॉम्प्युटर चालू, पडद्यांवर देवीचा फोटो. वादिराज म्हणाला, घरी हिला कुंकू कोण लावणार, इथं चारचौघांत बसू दे. आम्हाला ते फार गोड वाटलं.

मागच्या सोप्यात पंगत बसली. वादिराजची जागा माझ्या शेजारी. वर्षातून एवढ्याच दिवशी त्याच्यासाठी कुणी पान मांडायचं. पहिला घास हातात असताना त्याला दारातून डिस्कचा दिवा दिसला, भराभर लुकलुकणारा. आज यंत्राला कुणाचा हात नाही, मग ही जागी कशी? तो अर्धा उठला. इंदूअक्का होळिगे, म्हणजे आमच्याकडच्या पुरणपोळ्या, वाढत होत्या. म्हणाल्या, "बसा हो वादिराज, आज हत्याराला हात नाही. जेवणावरून कुणी उठतं काय?"

तो बसला. अक्कांनी वर तूप वाढलं.

दसऱ्याला सकाळी नक्षी उघडेना. ना फोल्डरातली, ना डिस्कवरची. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी: कुलूप आम्ही घातलंय, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. आदल्या आठवड्यात दुकानात कुणीतरी कुरिअरची म्हणून एक ईमेल उघडली होती, तिच्यातून ती कीड आत शिरलेली. पंगतीच्या वेळी दिवा लुकलुकत होता तो डिस्कवर कुलूप पडत होतं म्हणून. अण्णा म्हणाले, चोराला आहेर करायचा नाही. वादिराजला ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच वाईट झालं. चहा आला की त्याचा कप टेबलावर ठेवून पोरं निघून जायची. भाताची चौकशी कुणी करेना.

घरच्या ट्रंकेत त्याला एक जुनी सीडी सापडली, तिच्यातून निम्मीअर्धी नक्षी परत आली. उरलेल्या नक्षीसाठी तो विणकरांच्या दारोदार फिरला, विणलेल्या साड्या मागून आणायचा, पदराचे फोटो काढायचा, साडी घडी करून परत द्यायचा. घडी कशी घालायची ते माझ्याकडूनच शिकला. सामाईक फोल्डर आता सगळ्यांना बघण्यापुरता, त्यात बदल करायचा तर एकट्याने, त्याने. डिस्का दोन केल्या, एक दुकानात आली की दुसरी मळमड्डीत, वायरीशिवाय. विणकरांकडे कामापुरता जायचा, रविवारी मात्र तो कुणाकडेच दिसायचा नाही.

वर्ष फिरलं. खंडेनवमी आली तशी इंदूअक्कांनी मला गाठलं. म्हणाल्या, अप्पा, वादिराज पंगतीला येणार नाहीत असं वाटतंय, तुम्ही जाऊन बोलावून या.

मळमड्डीला गेलो. एक खोली, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन तो उभाच राहिला. घरची डिस्क आईच्या फोटोशेजारी फळीवर होती, तिला त्याने आपल्या हाताने कुंकू लावलं होतं, जरा वाकडंच. मी म्हटलं, वादिराज, अक्कांनी पान मांडलंय, माझ्या शेजारीच. येणार की नाही, तेवढं सांगा, मला निरोप न्यायचाय.

त्याने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जे बोलला ते जसंच्या तसं सांगतो:

"येतो, अप्पा. ही डिस्क घरीच राहील, तिला एकटीलाच राहायला पाहिजे. पण अक्कांना एवढं सांगा, मी जेवता जेवता उठलो तर मला बसवू नका म्हणावं."